बोळवणीची लाल रेकॉर्ड

गेल्या दिवाळीपासून मी रेकॉर्ड घेणं बंद केलं आहे. कोणी विचारलं तर सांगतो की गुडघे दुखतात, भंगाराच्या दुकानात उकिडवं बसून धूळ उपसणं आता होत नाही. ते खोटं नाही, पण कारण ते नाही. खरं कारण मी आतापर्यंत दोनदाच सांगितलं. एकदा बायकोला आणि एकदा एका अख्ख्या गावाला.

मी जनावरांना लस देणारा सरकारी नोकर आहे. पदाचं नाव लांबलचक आहे, पण सेनगाव तालुक्यातल्या खेड्यांत मला डॉक्टरच म्हणतात. मी डॉक्टर नाही, हे सुरुवातीची काही वर्षं सांगत होतो, नंतर सोडून दिलं. बर्फाचा डबा, सुया आणि लांब-रुंद नोंदवही घेऊन मोटारसायकलवर निघायचं, मेंढ्या-शेळ्या टोचायच्या, दिवस कलला की हिंगोलीला परत. पंचवीस वर्षं हेच केलं. या कामात एक गोष्ट न मागता मिळते. कोणाच्याही घरात सरळ आत जाता येतं. बाई एकटी असली तरी पाण्याचा तांब्या पुढे येतो, बाज टाकली जाते. लस देणाऱ्यावर कोणी संशय घेत नाही.

रेकॉर्डचं वेड त्याच्याही आधीचं. लहानपणी चुलत बहिणीच्या लग्नात भोंगेवाल्याच्या मशीनवर एक निळी, आरपार दिसणारी रेकॉर्ड फिरत होती. तोवर मी काळ्याच पाहिल्या होत्या. ही फिरताना तिच्या खालची चकती दिसत होती, आणि मला वाटलं, गाणं त्या निळ्या रंगातूनच येतंय. जेवायची पंगत उठली तरी मी तिथून हललो नाही. पगार सुरू झाल्यावर मी तशी रेकॉर्ड शोधायला लागलो, आणि मग थांबता आलं नाही. माझा नियम एकच होता: काळी घ्यायची नाही. रंगीत हवी, नाहीतर काहीतरी विचित्र तरी हवी. लहान मुलांच्या गोष्टींची एक पिवळी आहे. जाहिरातीसाठी फुकट वाटलेल्या, कागदासारख्या पातळ प्लास्टिकच्या हिरव्या दोन आहेत. त्या वाजताना सुईच्या ओझ्याने लवतात. एकीवर दोन्ही बाजूंनी देवाचं चित्र छापलंय, आणि सुई थेट देवाच्या डोळ्यावरून फिरते म्हणून ती मी एकदाही लावलेली नाही. पांढरी एक आहे, दुधात शाई सांडल्यासारखे डाग असलेली. या सगळ्या मी काचेच्या कपाटात उभ्या लावल्या होत्या आणि मागे दिवा बसवला होता.

"ऐकत तर कधी नाही," बायको म्हणायची. "नुसतं बघत बसता. मग ताटं का नाही लावली कपाटात?"

मला राग यायचा, कारण ते खरं होतं.

साखऱ्याच्या पुढे डांबर संपून मुरूम लागतो, तिथून आत एक लहान गाव आहे. तिथे मेंढरं पाळणारं एक घर आहे. सत्तरी ओलांडलेले आबा, त्यांचा मुलगा, सून आणि लग्नाला आलेली नात. मुलगा बहुतेक दिवस मेंढरांमागे रानातच असायचा. दोन हिवाळ्यांपूर्वी मी त्यांच्या दारात मेंढ्या टोचत होतो, आणि आबा एकेक मेंढी पायांत धरून मला देत होते. मान वर केली तर कडुनिंबाच्या फांदीला तारेने बांधलेला एक जुना भोंगा दिसला. गंजून तांबडा झालेला.

"आबा, हा भोंगा कोणाचा?"

"माझा हाय. काहून? त्याला बी टोचता का?"

आबांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पूर्ण पिकलेला, दुसऱ्यात उतरत होता. तरी हसताना ते दोन्ही डोळे बारीक करायचे. तरुणपणी त्यांनी काही मेंढ्या विकून लाउडस्पीकरचा सेट घेतला होता आणि आसपासच्या सगळ्या गावांतली लग्नं वाजवली होती. मेंढरं भावाने सांभाळली, ह्यांनी भोंगा. डीजे आल्यावर तो बंद झाला, तरी त्यांच्या गावात पोरगी सासरी निघाली की एवढं एक गाणं आबांनीच लावायचं, ही रीत राहिली होती.

मी रेकॉर्ड दाखवा म्हणालो. त्यांनी घरातून लाकडी पेटी ओढत आणली. वरची कव्हरं कधीच फाटून गेली होती. प्रत्येक रेकॉर्ड जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली. आबा चाचपत चाचपत एक काढायचे, काठावरून अंगठा फिरवायचे आणि सांगायचे, "ही आरतीची." "ही हळदीची." काठाला बारीक खाचा पाडलेल्या होत्या. काहींच्या मधल्या कागदावर पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावतात त्या रंगाचा ठिपका होता.

"असं का केलंय, आबा?"

"मला कुठं वाचता येतं? मेंढराच्या पाठीवर कोणी नाव लिहितं का? रंग लावतं. मंग कळपात कितीबी मिसळू द्या, आपलं ते आपलं. तसंच हे. आता ठिपके दिसत न्हाईत, खाचा तेवढ्या बोटाला लागतात."

मग त्यांनी सगळ्यात खालचा तुकडा उलगडला. लहान आकाराची रेकॉर्ड होती, लाल, आरपार. त्यांनी ती उन्हाकडे धरली आणि चांगल्या डोळ्यासमोर नेली. ऊन तिच्यातून झिरपून त्यांच्या पांढऱ्या दाढीवर लाल पडलं.

"हिला खाच न्हाई की ठिपका न्हाई. ही उजेडाला धरली की आपोआप कळती. बोळवणीची हाय. ह्या गावची एक बी पोरगी हिच्याबिगर वाटंला लागली न्हाई. दिवाळीला मायेराला आल्या की म्हन्तात, आबा, ते लाल गानं लावा. गान्याचं नाव कोणालाच ठावं न्हाई. लाल गानं."

मी ऐकलं. पण कान तिथे असले तरी डोळे त्या लालावर होते. तसली लाल मी कधी पाहिली नव्हती.

त्या दिवशी चहा होईपर्यंत आबा भोंग्याच्या गोष्टी सांगत बसले. गावात कोणाची शेळी, मेंढी, पोराचं चांदीचं कडं हरवलं की लोक आबांकडे यायचे आणि आबा भोंग्यावरून हाक मारायचे. सापडलं की तेही सांगायचे. पण त्यांचा एक नियम होता. सापडलं एवढंच सांगायचं नाही, कोणाच्या कुंपणात सापडलं तेही सांगायचं. ज्याच्याकडे निघालं त्याने स्वतः येऊन बोलायचं.

"लोक म्हनायचे, आबा, नुसतं सापडलं म्हना, झालं. मी म्हनायचो, मंग दुसऱ्यावर संशय राहिला त्याचं काय? एकदा मेंढी माझ्याच भावाच्या कळपात निघाली. त्याला बी बोलाय लावलं. तीन वर्सं माझ्याशी बोलला न्हाई बिचारा."

निघताना मी ती रेकॉर्ड मागितली.

"न्हाई डाक्टर, दुसरं काही बी मागा. नातीचं लगीन हाय वैशाखात."

"मग नातीच्या लग्नानंतर?"

"मंग काय गावातल्या पोरी संपून राहिल्या का?"

ते हसले. मीही हसलो. हिंगोलीपर्यंत माझ्या डोळ्यांसमोरून ती लाल हलली नाही.

पुढचं लिहिताना हात जड होतो, पण लिहिलं नाही तर या लिहिण्याला अर्थ नाही. नांदेडच्या एका जुन्या सामानाच्या दुकानात मला तीच गाणी असलेली साधी काळी रेकॉर्ड मिळाली. पेटीतल्या लाल रेकॉर्डवरची अक्षरं मी वाचून ठेवली होती, ती जुळली. आयुष्यात पहिल्यांदा मी काळी रेकॉर्ड घेतली. घरी लावून पाहिली. आवाज स्वच्छ होता, आबांच्या घासलेल्या रेकॉर्डहून नक्कीच चांगला असणार. तेव्हा मी स्वतःची समजूत घातली ती अशी: म्हाताऱ्याला गाण्याशी मतलब आहे, रंगाशी नाही. गाणं तेच राहणार, उलट चांगलं वाजणार. त्याचं काही जात नाही, आणि मला हवं ते मिळतं. त्यांना ओळखता यावी म्हणून मी काळीच्या मधोमध लाल कागदाचा एक चिकट गोल लावला. लशीच्या खोक्यांवर खूण करायला आमच्याकडे तसले गोल असतात. तो लावल्यावर मला बरं वाटलं. आपण माणसाचा विचार केला, असं वाटलं. त्या माणसाला ठिपके दिसत नाहीत, हे त्यानेच मला सांगितलं होतं.

माघ महिन्यात मी पुन्हा त्यांच्या दारात गेलो. खरं म्हणजे त्या गावात तेव्हा माझं काही काम नव्हतं. एका लंगडणाऱ्या मेंढीचं निमित्त काढलं. सून आणि नात शेतात होत्या. मी म्हटलं, जरा रेकॉर्ड पाहू. आबांनी हौसेने पेटी आणून माझ्यापुढे ठेवली आणि उठले.

"बसा डाक्टर. शेळी पिळून आणतो. कोरा चहा पाजून पाठवणार न्हाई तुमाला."

मागच्या अंगणातून शेळीला चुचकारल्याचा आवाज येत होता. गंजात दुधाच्या धारा पडत होत्या. तेवढ्या वेळात मी तळाचा तुकडा उलगडला, लाल काढली, काळी गुंडाळली. लाल नोंदवहीच्या पानांत सरकवली. ज्या पानावर त्यांच्याच मेंढ्यांची नोंद होती, त्याच पानाशी वही उघडली गेली. मग मी तो चहा प्यायलो. दाट होता, आबांनी साखर जास्त घातली होती.

तीन महिने ती लाल माझ्या कपाटात सगळ्यांच्या पुढे उभी होती. दिवा लावला की समोरची भिंत लाल व्हायची.

वैशाखात लग्नाचं बोलावणं आलं. आबांनी मुलाला खास हिंगोलीला पाठवलं होतं. न जाण्यासाठी काही सुचलं नाही, म्हणून गेलो. नवरदेव कुरुंद्याचा, हळद पिकवणाऱ्या घरचा, वऱ्हाडात माणसं भरपूर. दिवसभर डीजे दणाणत होता. दुपार कलली, नवरी निघायची वेळ झाली, तसा डीजे बंद झाला आणि गावातली माणसं कडुनिंबाकडे बघायला लागली. खाली आबा नवा फेटा बांधून मशीनपुढे बसले होते. आदल्या दिवशी त्यांनी दुसऱ्या एका रेकॉर्डवर सेट वाजवून पाहिला होता. लालला हात लावला नव्हता. ती आधी वाजवायची नसते.

नवरी आईच्या गळ्यात पडली. आबांनी तळाचा तुकडा उलगडला आणि रेकॉर्ड उन्हाकडे धरली.

मी मांडवाच्या खांबाशी उभा होतो. त्यांचा हात तसाच वर राहिलेला मला दिसला. त्यांनी ती उलटी करून धरली. डोळ्याजवळ नेली, लांब नेली. मग खाली ठेवून दुसरी उलगडली, ती उन्हाला धरली. तिसरी. लुगड्याचे तुकडे मांडीभोवती पडायला लागले. काळ्या, सगळ्या काळ्या.

"आबा, लावा की!" कोणीतरी ओरडलं. "पाव्हणे खोळंबून राहिले!"

"लाल कुठं गेली?" आबा म्हणाले. हळूच म्हणाले, पण माईक चालू होता. भोंग्यातून साऱ्या गावाला ऐकू गेलं: लाल कुठं गेली?

"आवं, असंल त्याच्यातच. लावा कोणती बी!"

त्यांनी घाईत हाताला आली ती मशीनवर ठेवली. ती नकलाकाराची निघाली. तसल्या रेकॉर्ड पूर्वी लग्नात पोरांना हसवायला लावत. आधी कोंबडा आरवला. मग भोंग्यातून गाढव ओरडायला लागलं, लांबलचक, थांबून थांबून, आणि समोर नवरी रडत होती.

वऱ्हाडातला एक जण म्हणाला, "वा रे पाव्हणे! तुमच्याकडं पोरीला गाढव रडतं व्हय?"

"न्हाई, नवरदेवाला हाक मारून राहिलं!" दुसऱ्याने जोडलं.

मांडव हसला. नवरीकडचेही हसले, काय करणार. आबांना सुई उचलता येईना. शेवटी सुनेने येऊन वायर उपटली. नवरी काही न वाजता गाडीत बसली. मला एवढंच बोलायचं होतं: थांबा, आबांची चूक नाही. मी बोललो नाही. कोणीतरी मला पान दिलं, ते मी खाल्लं.

त्या दिवसानंतर मी कपाटातला दिवा काढला. लाल रेकॉर्ड पेपरात गुंडाळून पुस्तकांच्या मागे ठेवली. बायकोच्या ते लगेच लक्षात आलं. दोन आठवडे तिने विचारलं नाही, मग एका सकाळी विचारलं, आणि मी सांगितलं.

ती मेथी निवडत होती. "द्या ना मग परत नेऊन."

"इतकं सोपं नाही ते."

"अवघड काय आहे? मोटारसायकल आहे, रस्ता आहे."

ज्येष्ठात, पावसाआधीची आंत्रविषाराची लस द्यायची पाळी आली. त्या गावाला मी माझ्याऐवजी खात्यातल्या जोडीदाराला पाठवलं. पाठ दुखते म्हणालो. तो परत येऊन म्हणाला, "तुमचं ते म्हातारं गेलं कामातून. बाजेवर बसून असतं. डोकं फिरलं म्हणतात. सून एकट्याला बाजारालाही जाऊ देत नाही."

त्यानंतर खोटं बोलायचीही ताकद राहिली नाही. दिवसभर मेंढ्या टोचायच्या, त्यांच्या पाठीवरचे लाल-निळे पट्टे बघायचे, घरी येऊन जेवायचं. वर्षानुवर्षं मी ते पट्टे पाहत होतो. एखाद्याने दुसऱ्याच्या मेंढीचा पट्टा खरवडून काढला तर गाव त्याला काय म्हणेल, हे मला चांगलं माहीत होतं.

आश्विनात गेलो. सोयाबीन काढणीचे दिवस, रस्त्याने सगळीकडे मळणीयंत्रांची धूळ. रेकॉर्ड मी त्याच नोंदवहीत घालून नेली. आबा ओसरीत बाजेवर बसले होते. वाळले होते. आवाज ओळखून म्हणाले, "डाक्टर? या. लई दिसांनी."

मी खाली बसलो. त्यांनीच विषय काढला.

"नातीच्या लग्नात तुमी व्हते न्हाई का? फजिती पाह्यलीच तुमी." मग म्हणाले, "ती लाल मीच कोणाला तरी देऊन बसलो म्हनं. सून म्हन्ती. मला आठवत न्हाई. लई ताण दिला डोक्याला. कोणाला दिली आसंल, काहून दिली आसंल. रातचं रातचं आठवत बसतो. गेलं हे डोकं."

सून दारात येऊन उभी होती. "आता काहून ते उकरून काढता, मामा? झालं गेलं."

"आबा," मी म्हटलं, "तुम्ही कोणालाच दिली नाही. मी चोरली." आणि वहीतून काढून त्यांच्या हातात ठेवली.

त्यांनी काठावरून अंगठा फिरवला. मग उठून दारापर्यंत गेले आणि ती उजेडाला धरली. लाल उजेड गालावर पडला. मी ओरडण्याची, शिवीची वाट बघत होतो. ते वळले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

"म्हंजे माझं डोकं बराबर हाय?"

त्यांनी रेकॉर्ड छातीशी धरली.

"मी दिली न्हाई? इसरलो न्हाई?"

"नाही आबा. तुम्ही माझ्यासाठी शेळी पिळायला गेले होते, तेव्हा बदलली."

सून दारातच खाली बसली. "लग्नानंतर पेटी आवरताना काळीवर तो लाल गोल पाह्यला व्हता मी," ती म्हणाली. "लशीच्या खोक्यावर असतो तसला. मला वाटलं, मामांनीच तुमाला दिली, बदल्यात ही घेतली, आन इसरून गेले. दिलेलं परत कसं मागाचं, म्हनून तुमचं नाव घेतलं न्हाई. डाक्टर चोरी करंल असं कसं मनात येईल?" मग तिचा आवाज चढला. "पाच महिने म्हाताऱ्याला आमी याडं ठरवलं. शेळ्यांमागं जाऊ दिलं न्हाई. त्याच्या हातात चहाचं भांडं द्यायला बी भ्यायचो!"

मी माफी मागायला लागलो. आबांनी हाताने थांबवलं. त्या क्षणापर्यंत पंचवीस वर्षं या भागात सगळे मला तुमी म्हणत आले होते.

"मला सांगून काय उपयोग?" ते म्हणाले. "मी तर तुला ओळखून राहिलो आता. गावाला सांग. भोंगा हाय."

सेट माळ्यावर पोत्यात बांधून टाकला होता. मी आणि सुनेने मिळून तो उतरवला. धूळ पुसली. वायर कडुनिंबाकडे नेली. लाइट होती. आबांनी माईकवर टिचकी मारली, आणि भोंग्यातून ठक ठक झाली.

"काय बोलू, आबा?"

"तुला ठावं हाय काय बोलाचं ते."

मी माईक धरला. बोललो, "आबांची लाल रेकॉर्ड सापडली आहे."

आबांनी माईकवर हात ठेवला. "कोणाच्या कुंपणात?"

पुन्हा सुरुवात केली. मी सांगितलं की मी जनावरांना लस द्यायला येणारा. आबांची लाल रेकॉर्ड हरवली नव्हती, त्यांनी ती कोणाला दिलीही नव्हती. त्यांच्या घरात त्यांचा चहा पिताना मी ती चोरली, आणि नातीच्या लग्नात जे झालं ते माझ्यामुळे झालं. आबांचं डोकं ठिकाणावर आहे. चूक माझी आहे. एवढंच. माझा आवाज कडुनिंबावरून वेगळाच, जाड आणि परका ऐकू येत होता, आणि अर्धा क्षण उशिरा समोरच्या शाळेच्या भिंतीवरून परत येत होता.

मळणीयंत्र थांबलं नाही. फक्त शेजारच्या खळ्यावरून एका बाईचा आवाज आला, "काय म्हनला वं?" आणि दुसरी म्हणाली, "डाक्टरनं रेकाड चोरली म्हनं आबाची." "कोणती?" "लाल." मग मात्र त्या उठून आल्या. आणखी चार-सहा जण आले. ते आबांकडे बघत होते.

आबांनी स्वतः रेकॉर्ड ठेवली, स्वतः सुई टेकवली. लाल गाणं घासलेलं होतं, मध्ये मध्ये खरखर, एके ठिकाणी सुई अडखळून पुढे उडी मारायची. माझ्या काळीवर ती उडी नव्हती. ती जागा आली तेव्हा अंगणातल्या बायकांनी ओठांत पुढचा शब्द आधीच घेतलेला मला दिसला. त्यांना गाणं त्या उडीसकट पाठ होतं.

संपल्यावर सून म्हणाली, "मामा, चहा ठिवू का?" आणि चहा झाल्यावर तिने भांडं सरळ त्यांच्या हातात दिलं. मला बशीत दिला.

निघताना आबांनी पेटीतून माझी काळी काढून दिली, लाल गोल लावलेली. "ही तुझी घेऊन जा. आपल्या कळपात दुसऱ्याचं नको."

ती आता माझ्या कपाटात आहे, रंगीत रेकॉर्डच्या रांगेत एकटी काळी. बायको एकदा म्हणाली की ही तरी लावा कधी. मी लावलेली नाही.

त्या गावाला मी जातो. बदली मागावी असं वाटलं होतं, मागितली नाही. अजूनही मी दिसलो की कोणीतरी हाळी देतं, "मेंढरं मोजून घ्या रे, डाक्टर येऊन राहिला!" आणि सगळे हसतात. मी खाली मान घालून बर्फाचा डबा उतरवतो. काही म्हातारी माणसं अजून तुमी म्हणतात. ते जास्त लागतं.

यंदाच्या ज्येष्ठात आबांच्या घरी गेलो. मुलाने मध्यंतरी त्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन करून आणलंय, आता बरंच दिसतं. त्यांनी पूर्वीसारखी एकेक मेंढी पायांत धरून दिली. काम संपलं, मी सुया आवरत होतो. ओसरीत पेटी होती, वरचा तुकडा अर्धा उघडा. सून शेतात गेलेली.

"बस," आबा म्हणाले. "शेळी पिळून आणतो."

ते मागच्या अंगणात गेले. त्यांनी हे मुद्दाम केलं की सवयीने, मला कळलं नाही. शेळीला चुचकारल्याचा आवाज आला, मग गंजात पहिली धार पडली. मी वही पिशवीत घातली, पिशवी ओसरीबाहेर नेऊन मोटारसायकलला अडकवली आणि उन्हातच उभा राहिलो.

आबा दूध घेऊन आले आणि दारात थांबले.

"उन्हात काहून उभा राहिला?"

"असंच, आबा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आत पेटीकडे पाहिलं. मग चूल पेटवायला आत गेले.